फादर धडपडेंचा निरोप

शाळेत सगळे त्यांना फादर धडपडे म्हणत. नोकरीच्या पहिल्याच सकाळी ते रुबाबात व्यासपीठावर चढले आणि पायघोळ झग्यात पाय अडकून तितक्याच वेगाने खाली आले, तेव्हापासून. आपलं खरं नाव बिशपांना तरी आठवत असेल का, अशी त्यांना शंका होती.

पाद्री होताना त्यांनी मोठमोठी स्वप्नं रंगवली होती. दूरचं जंगल, अंगात सणसणून ताप आणि तशातही रंजल्यागांजल्यांची सेवा! बिशपांनी पाठवलं ते त्यांच्याच जुन्या शाळेत, आठवीला गणित शिकवायला. त्याच गणितात ते गटांगळ्या खात कसेबसे पास झाले होते. ते बिशप वारले, त्यांच्यानंतरचेही वारले. फादर आठवीतच राहिले.

निरोप समारंभाच्या दिवशी ते आरशासमोर चेहऱ्याची तालीम करत होते. थोरली बहीण दारात येऊन थबकली.

"दात दुखतोय का रे?"

"ताई, हा विनम्र भाव आहे."

"मग जरा कमी कर."

सभागृह माजी विद्यार्थ्यांनी गच्च भरलं होतं. आता आपल्या त्यागाचे गोडवे गायले जाणार, म्हणून फादरांनी मान खाली घातली. पण त्यांतल्या एका बेकरीवाल्याला आठवलं ते परीक्षेतलं त्यांचं घोरणं. "आम्ही कॉपीसुद्धा दबकत करायचो, फादरांची झोपमोड नको म्हणून!" सभागृह खो खो हसलं. सगळ्यांत मोठ्याने ताई.

मग एक सर्जनबाई उठल्या. "एकदा फळ्यावर फादरांचं गणित अडलं. खडू खाली ठेवून म्हणाले, 'मला जमत नाहीये. माझं कुठं चुकलं, कुणाला दिसतंय का?' तोवर मी वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. आजही ऑपरेशन करताना अडलं, की मी हात थांबवते आणि शेजारच्याला विचारते. त्यामुळे काही माणसं जिवंत घरी गेलीत."

फादर उभे राहिले. पाठ केलेलं भाषण त्यांनी बाजूला ठेवलं.

"ते मी मुद्दाम केलं होतं, असं सांगायचा फार मोह होतोय," ते म्हणाले. "पण मला खरंच येत नव्हतं गं."

लोक पुन्हा हसले. या वेळी ताई मात्र डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी ते वृद्ध पाद्र्यांच्या आश्रमात राहायला गेले. खोली छान होती, खिडकीबाहेर झाड होतं. जेवणापर्यंत त्यांनी ते झाड पाहिलं. मग मुख्याध्यापिकेला फोन लावला. तीही त्यांचीच विद्यार्थिनी.

"शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांचा तास कोण घेतं?"

"कुणालाच नको असतो तो, फादर."

"मग मला दे. माझी पात्रता काल ऐकलीसच तू."

आता रोज दुपारी आश्रमातले बाकीचे म्हातारे आडवे होतात आणि फादर बस पकडतात. कच्ची मुलं त्यांच्यावर बेहद्द खूश आहेत. फादरांच्या चुका पकडता पकडता तास कधी संपतो, ते कळतच नाही.