अनुभवाच्या रकान्यातली ओळ

ढाणकीच्या बाजारगल्लीतल्या गोपालच्या कॉम्प्युटर सेंटरवर सोमवारी फारशी गर्दी नव्हती. नुकतीच बी.कॉम. झालेली साधना बायोडाटा टाइप करून घेत होती. जवळच्या दालमिलमध्ये अकाउंटंटची जागा निघाली होती. शेजारी तिचे वडील देवराव मांडीवर पिशवी धरून बसले होते.

"अनुभव सांग," गोपाल म्हणाला.

"बुद्धविहारातली अभ्यासिका चार वर्षं चालवली. पुस्तकांची नोंद, पोरांची हजेरी, दहावीले गणित शिकवलं. माह्या हातची अठरा पोरं पास झाली."

गोपालची बोटं थांबली. "काम भारी हाये. पण विहार काहून लिहाचं? नुसतं वाचनालय लिहू. मिलचे मालक कसे हायेत, तुले माईत हाये. तुह्या भल्यासाठीच सांगून राह्यलो."

गोपाल मनाचा वाईट नव्हता, आणि आपली खरी गोची तीच आहे. जात पाळणाऱ्याला कुणी काही बोलत नाही. सोसणाऱ्यालाच जरा लपून राहा म्हणून प्रेमाने समजावतात.

साधनाने वडिलांकडे पाहिलं.

"वाचनालयच लिहू दे त्याले," देवराव म्हणाले. "पुण्यात सात वर्षं मी खोलीमालकाले जात येगळीच सांगितलती. तुही माय बाबासायबाचा फोटो पेटीतच ठेवे. काई होत नाई पोरी, सवय पडते."

हे साधनाला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिला वडिलांचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. सात वर्षं हा माणूस रोज दार उघडून घरात शिरत होता आणि घरातही घाबरून राहत होता.

"बाबा, मले सवय नाई पाडाची," ती शेवटी म्हणाली. "गोपालभाऊ, विहारच लिहा. अन् ओळखीसाठी विहार सांभाळणाऱ्या बेबीताईचं नाव टाका."

"नोकरी हातची जाईन," देवराव खाली मान घालून एवढंच पुटपुटले.

अर्ज गेला. महिना उलटला, बोलावणं आलं नाही. कदाचित मार्क कमी पडले असतील, कदाचित जागा आधीच भरली असेल. साधनाला ते कधीच कळणार नाही, आणि हे न कळणंच तिला रोज खातं. तरी दुसरा अर्जही तिने तसाच पाठवला, एक अक्षर न बदलता.

वाचकहो, असे अर्ज तुमच्यापैकीही कुणाच्या टेबलावर येतात. ती ओळ वाचून तुम्ही कागद कोणत्या गठ्ठ्यावर ठेवता, ते तिला दिसत नाही. तुम्हाला मात्र दिसतं.