पाचवं फूल

आश्विनातली सकाळ. धुऊन निघालेलं नीलनिर्मळ आकाश, सज्जातून उतरलेलं कोवळं ऊन, आणि त्या सुवर्णधूसर उन्हात पाटावर मांडलेली अकरा रिव्हॉल्व्हरं. अमेरिकेत घडलेली, खिशात मावणारी, दीडशे वर्षांची. समोरून दारू आणि गोळी ठासायची. मिरजेच्या उदाजीराव शितोळ्यांचा तो जीव की प्राण. आज खंडेनवमी, शस्त्रांची पूजा.

त्यांतलं एक सर्वांत देखणं. शिसवी मूठ, अष्टकोनी नळी, श्यामल लोखंडावर काळाची जांभळी साय. ती साय उदाजीरावांनी तीस वर्षांत पुसली नव्हती, आत कधी सफाईचा गज घातला नव्हता. जुन्या वस्तूला ओरबाडू नये, हे त्यांचं सोवळं. त्यावरून ते पाहुण्यांशीही भांडत.

दरवर्षीचा रिवाज ठरलेला. नळी उतरवायची, पाच कप्प्यांचं चक्र पाटावर उभं करायचं, आणि पत्नी सरोजिनीबाईंनी त्यात शेवंतीची पाच फुलं खोचायची. मग पूजा. मग सारं पुन्हा जोडून उदाजीराव बायकोच्या कुंकवावर नेम धरत. ती डोळे मिटून घेई. खट्. नुसता घोडा पडे, आणि ती हसत सुटे. लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीपासूनचं हे खट्, हे हसू.

यंदा मात्र ठो होणार होतं. घोड्याखाली बसवायच्या, दारूला ठिणगी देणाऱ्या तांब्याच्या इवल्या टोप्या त्यांनी पत्रांवर पत्रं धाडून अखेर मिळवल्या होत्या. रिकाम्या कप्प्यावर टोपीचा नुसता आवाज होतो, असं त्यांनी बायकोला हौसेनं सांगितलं होतं.

फुलं खोचून झाली. चारांचे देठ आत बुडाले. पाचवं उंच उभं राहिलं.

"ते जरा खाली दाब," उदाजीराव म्हणाले.

"ते नाही जायचं. दरवर्षी असंच वर राहतं. तुम्ही कधी बघितलंच नाही होय?"

उदाजीरावांनी उदबत्तीची काडी घेतली. पहिल्या कप्प्यात काडी तळाला गेली. दुसऱ्यात गेली, तिसऱ्यात गेली, चौथ्यात गेली. पाचव्यात मध्येच अडली. त्यांनी चक्र उन्हाकडे धरलं. धुळीच्या थराखालून शिशाचं करडं बुबुळ त्यांच्याकडे बघत होतं. गोळी. गोळीमागे दारू. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी ठासलेली, कुणीच न उडवलेली.

तीस वर्षं त्या कुंकवाच्या आणि त्या गोळीच्या मध्ये एक टोपी तेवढी कमी होती. आणि ती टोपी ते स्वतः, जिवाचं रान करून, शोधत होते. उदाजीरावांना स्वतःचीच भीती वाटली.

सरोजिनीबाई पदर सावरून समोर बसल्या, डोळे मिटून. "जोडा आणि मारा बघू लवकर. मला नैवेद्याचं बघायचंय."

उदाजीरावांनी टोप्यांची डबी उचलली आणि पाण्याच्या तांब्यात रिकामी केली. तांब्या कलंडला, पाणी पाटाभर पसरलं. चक्र त्यांनी पुन्हा जोडलंच नाही.

ती मिटल्या डोळ्यांनी हसत वाट पाहत राहिली. खट् झालं नाही, ठो झालं नाही. ऊन सरकत सरकत कुंकवापाशी आलं, आणि तिथंच थांबलं.