मागे ठेवलेली चार पानं

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची पदवी आहे. कागद जाड, शिक्का उठावदार, आणि अक्षरं इतकी वळणदार की आमच्या बाईंचं नाव त्यांच्या सासूबाईंनाही वाचता आलं नाही. बाई अमेरिकेला कधी गेल्या नाहीत. मीच टपालाने आले.

बाई रुग्णालयात डायलिसिसची यंत्रं चालवतात. जेवणाच्या सुट्टीत अभ्यास करून त्यांनी काही विषयांच्या वर्गात न बसता थेट परीक्षा दिल्या, काही विषय ऑनलाइन केले. विद्यापीठाने त्यांचं चौदा वर्षांचं काम कसून तपासलं आणि त्याचेही श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, दिले. अशी मी सात वर्षांत तयार झाले. ही सगळी हकिगत माझ्या पाच पानी गुणपत्रकात आहे. पहिल्या पानावर विद्यापीठाचे ऑनलाइन केलेले नेहमीचे विषय, उरलेल्या चारांवर थेट परीक्षांचे आणि कामाचे श्रेयांक.

मग विभागप्रमुखाची जागा निघाली. अट एकच : परदेशी पदवीला इथल्या पदव्या तपासणाऱ्या कार्यालयाची मान्यता हवी, आणि तीही शुक्रवारपर्यंत. घरात सगळ्यांची धाकधूक सुरू झाली.

"अगं, ही चार पानं कशाला दाखवतेस?" बाईंचे यजमान म्हणाले. "म्हणे कामाच्या अनुभवाचे श्रेयांक! हसतील लोक. पहिलं पान दे, झकास आहे."

"आणि विचारलं तर?"

"कोण विचारतंय! साहेब लोक शिक्का बघतात."

खरं सांगते, मलाही हायसं वाटलं. त्या चार पानांची मला लाज वाटायची.

मंगळवारी बाईंनी मला आणि पहिलं पान तेवढं कार्यालयाच्या खिडकीत दिलं. पलीकडच्या साहेबांनी पेन्सिलीने एकेक विषय मोजला. माझ्या कडा गार पडल्या.

"बाई, पदवी चार वर्षांची आणि विषय एका वर्षाचे? तीन वर्षं गेली कुठं?"

"आहेत, साहेब. बॅगेत आहेत."

"बॅगेत कशाला? अर्जात त्यासाठी वेगळा रकाना आहे. हे श्रेयांक आम्ही मान्य करतो."

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच बाहेरही आला. कारण साहेब पुढे म्हणाले, "पण पानं दडवलीत ना, आता फाइल पडताळणीला जाणार. सहा आठवडे."

"शुक्रवारी मुदत संपते हो!"

"माझ्या हातात काही नाही, ताई," मला दोन्ही हातांत धरून साहेब म्हणाले.

सहा आठवडे मी संशयितांच्या कपाटात होते. शेजारी अस्तित्वातच नसलेल्या विद्यापीठाची एक डॉक्टरेट होती. ती निवांत घोरायची. माझा मात्र डोळ्याला डोळा लागला नाही.

सातव्या आठवड्यात मान्यता आली. एकही श्रेयांक कापला नव्हता. जागा मात्र भरली होती. ज्यांना बाईंनीच यंत्र लावायला शिकवलं, ते गृहस्थ प्रमुख झाले. वय छत्तीस, प्रकृती ठणठणीत. बाई आता त्यांना "सर" म्हणतात.

मित्रांनो, आम्हाला प्लॅस्टिकमध्ये घालून जपू नका. आम्हाला कसं मिळवलंत ते पहिल्याच खिडकीवर, विचारण्याआधी सांगा. अर्ज करण्यापूर्वी काय चालतं ते लेखी विचारून घ्या. आणि आमच्यासारख्या कागदांच्या लाजेकडे लक्ष देऊ नका. आम्हाला नुसतं छान दिसायचं असतं. कामावर जायचं असतं तुम्हाला.