प्रुदेन्सियोची नववी इनिंग

या, असे जवळ सरका. सान्ता रीताच्या चौकातली गोष्ट सांगतो. गोष्ट आरडाओरड्याची आहे, लांबूनही ऐकू येईल. पण तिच्यात एक जागा फार हळू आवाजाची आहे. तिच्यासाठी जवळ बसा.

फाउस्तीनो रोजच्यासारखा बाकावर चढला. उजवा हात वर गेला, बोट ताणलं गेलं आणि समोरच्या वाल्दो न्हाव्याच्या नाकापाशी येऊन थांबलं. तोंड उघडलं. मग मिटलं. तो निमूट खाली उतरला.

"आज उकडतंय फार," तो म्हणाला.

"हो ना," वाल्दो म्हणाला.

झाडाखाली जमलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. रोज संध्याकाळी ती इथे यायची ती बेसबॉलवर भांडायला. हवेवर बोलायला कुणी घर सोडून येतं का?

त्यांचं लाडकं भांडण एकच. सान्ता रीताचा संघ अंतिम सामन्यात पोचला तो आयुष्यात एकदाच. नववी म्हणजे शेवटची इनिंग, एका धावेची आघाडी, दोन बेसवर समोरच्यांचे धावायला टपलेले गडी आणि चेंडू टाकणाऱ्या आपल्या पिचरचा, ओरेस्तेसचा, हात थकलेला. ताज्या दमाचा दुसरा पिचर तयार उभा होता. तरी मॅनेजर प्रुदेन्सियो बार्बोसाने ओरेस्तेसलाच ठेवलं, आणि पुढचाच चेंडू कुंपणापार गेला, त्याच्याबरोबर सामनाही गेला. तेव्हापासून फाउस्तीनो म्हणायचा, गाढवानेसुद्धा पिचर बदलला असता. वाल्दो म्हणायचा, ठेवला तेच बरोबर होतं, लेका, तुझ्यापेक्षा माझ्या वस्तऱ्याला बेसबॉल जास्त कळतं. फाउस्तीनोचे केस पिकले, वाल्दोचे गेले. भांडण मात्र तरुण राहिलं.

गेल्या आठवड्यात प्रुदेन्सियो वारला. शवपेटीला खांदा देताना फाउस्तीनोच्या मनात आलं, याचं घर चौकासमोरच. म्हणजे आपली प्रत्येक शिवी याच्या कानावर पडली असणार. त्याच संध्याकाळी चर्चमधल्या कारिदादच्या माउलीपुढे मेणबत्ती लावून त्याने शब्द दिला, या माणसाविषयी पुन्हा वाईट बोलणार नाही. मग बाकीच्यांनाही तोंड उघडवेना. आठवडाभर प्रुदेन्सियोचं नाव चौकात निघालं नव्हतं.

समोरचं दार उघडलं. प्रुदेन्सियोची बायको एर्मिनिया कॉफीचा थर्मास घेऊन रस्ता ओलांडत होती. टोप्या उतरल्या. फाउस्तीनोने बाकावरची जागा बाहीने पुसली.

"बसा, दोन्या एर्मिनिया," तो अदबीने म्हणाला.

ती बसली. वाल्दो घसा साफ करून म्हणाला, "तुमचे यजमान म्हणजे फार मोठा माणूस. एकेक निर्णय विचार करून घेतलेला."

"नववी इनिंगसुद्धा?"

वाल्दो चाचरला. "ती... ती देवाची इच्छा."

"पिचर बदलणं देवाचं काम नाही, वाल्दो. मॅनेजरचं आहे."

मागे कुणीतरी हसू दाबलं. एर्मिनियाने कप भरले, पण कुणाला दिले नाहीत. आवाज इतका खाली आला की सगळ्यांना वाकावं लागलं.

"तुमचा गलबला सुरू झाल्याशिवाय ते कॉफीला तोंड लावायचे नाहीत. खिडकी थोडी किलकिली करून बसायचे. म्हणायचे, आज फाउस्तीनोचा आवाज बसलाय, त्याला मध पाठवू का? आता मी खिडकी तशीच किलकिली करून बसते, तर फक्त चिमण्या. शिव्या देत का होईना, त्यांचं नाव तरी घेत होतात. ते दफनभूमीत गेले तेव्हा गेले नाहीत. या आठवड्यात गेले."

फाउस्तीनोने टोपी चुरगाळली. माउलीला दिलेला शब्द मोडायचा कसा?

एर्मिनियाने डोळे पुसले आणि एकदम चढ्या आवाजात म्हणाली, "आणि खरं सांगू? चूक त्यांचीच होती! मी स्टँडमधून ओरडत होते, काढ त्याला, काढ! गाढवानेसुद्धा काढला असता!"

फाउस्तीनोचंच वाक्य होतं ते. पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्याला मुळीच सोसलं नाही. तो कधी बाकावर चढला, त्यालाच कळलं नाही.

"काहीतरीच काय, दोन्या! मी पहिल्या रांगेत होतो. प्रुदेन्सियो ओरेस्तेसपाशी गेला. चेंडू मागायला हातही पुढे केला. पोराने चेंडू छातीशी धरला आणि मान हलवली. साऱ्या गावादेखत त्याच्या हातून तो हिसकावून घ्यायचा? मला नसतं जमलं!"

"हे तुला आज आठवलं?" वाल्दो किंचाळला. "इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस, आणि आता माझीच बाजू पळवतोस? चोरा! मग ऐक, काढायलाच हवा होता!"

"वस्तरा सांभाळ तुझा! तुला काय कळतं?"

झालं. झाडावरच्या चिमण्या उडाल्या. एकाच वेळी दहा जण बोलू लागले आणि प्रत्येकाच्या बोलण्यात प्रुदेन्सियो होता. एर्मिनियाने कप एकेकाच्या हातात दिले, रस्ता ओलांडून ती घरात गेली, आणि इतकी वर्षं किलकिली राहिलेली ती खिडकी तिने भिंतीला टेकेपर्यंत उघडली.

तेव्हा, बाबांनो, तुमच्याही कट्ट्यावर कधी एखाद्याच्या चुकीवर आवाज चढले, तर मधेच जरा प्रुदेन्सियो बार्बोसाची आठवण काढा. शिवी देऊन काढलीत तरी चालेल.