किल्ली कुणाच्या खिशात

“बाबा, तुमची ओळ परत बदलली कुणीतरी,” मोबाइलवरची नजर न उचलता लेक म्हणाली.

मिस्त्रींनी बुटाची नाडी तशीच सोडली. लिफ्टच्या दुरुस्तीत एकतीस वर्षं घासलेला माणूस, एवढ्यातेवढ्याने हबकणारा नव्हे. पण या एका ओळीने त्यांना पार मेटाकुटीला आणलं होतं. लिफ्टच्या सुरक्षेच्या नव्या कायद्याचा मसुदा सरकारने संकेतस्थळावर टाकला होता. कुणीही यावं, कलम सुधारावं, दुसऱ्याचं पटलं तर मत द्यावं. मिस्त्रींनी लेकीकडून एवढंच घालून घेतलं होतं: ‘लिफ्टखालच्या खड्ड्यात माणूस उतरला असताना मुख्य स्विचला कुलूप असावं आणि किल्ली त्याच माणसाच्या खिशात असावी.’

दहा दिवसांत त्या ओळीवरून इतके हात फिरले, की तिची रयाच गेली. ‘खिसा’ हा शब्द म्हणे कायद्याला शोभत नाही. कुणी खिशाचा ताबा केला, कुणी माणसाचा कर्मचारी. मिस्त्री रोज आपली ओळ जागेवर बसवत आणि रोज कुणीतरी ती सुधारत असे. वाईट हेतू एकाचाही नव्हता, मग भांडायचं तरी कुणाशी?

“आता काय केलंय?”

“‘किल्ली जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी.’ चारशे बारा मतं पडलीत. वाचायला बरं वाटतंय की.”

“बरं वाटतंय ना, तिथेच तर घोडं पेंड खातंय.”

“मग कारण लिहा ना! दर वेळी तो रकाना कोरा सोडता. कोण ऐकणार तुमचं? आज सहाला सगळं बंद होणार.”

त्या रकान्यात घालण्यासारखं जे होतं, ते मिस्त्रींनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. ती जाईपर्यंत नाही. आता त्यांना त्या गप्प राहण्याचाच कंटाळा आला होता.

“लिही,” ते म्हणाले. “एकोणीस वर्षांपूर्वी माझा जोडीदार, लंबू, खड्ड्यात उतरला होता. किल्ली वर जबाबदार व्यक्तीकडे होती. लोक खोळंबले होते, आरडाओरडा चालला होता. तिला वाटलं, लंबू वर आला. तिने कुलूप काढलं. लिफ्ट खाली आली.”

लेकीची बोटं थांबली. लंबूकाका तिला आठवत होते, घरात येताना दारातून वाकायचे. “तुम्ही तर म्हणाला होतात, मशीन बिघडलं होतं.”

“म्हणालो होतो.”

“मग कुलूप काढलं कुणी?”

“मी. तेही लिही.”

तिने लिहिलं. त्यांच्याकडे मात्र पाहिलं नाही. मिस्त्रींना ते फार लागलं. त्यांनी नाडी बांधली आणि कामाची पिशवी उचलून ते निघाले.

दुपारी मिस्त्री एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत असताना लेकीने त्यांना संकेतस्थळाचं आलेलं उत्तर पाठवलं: ‘वैयक्तिक अनुभव मसुद्यात घेता येत नाहीत. सहभागाबद्दल आभार.’ खाली तिने स्वतःचं जोडलं होतं: ‘लवकर घरी या, बाबा.’ दुसरी ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली.

“काय मिस्त्री, झाला का तुमचा कायदा?” आताचा जोडीदार म्हणाला. अंगाने आडवा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत.

“झाल्यातच जमा. किल्ली जबाबदार माणसाकडे राहणार.”

“म्हणजे तुमच्याकडेच की! चला, मी खाली जाऊन खड्ड्यात उतरतो.”

मिस्त्रींनी मुख्य स्विच पाडला, कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. मग पैलवानाच्या मागोमाग तेही पाच मजले जिन्याने उतरले.

“तुम्ही कशाला आलात एवढं खाली?”

त्यांनी किल्ली पैलवानाच्या छातीवरच्या खिशात सोडली. वरचं बटण काजात नीट बसेना. ते बसेपर्यंत त्यांनी त्याला उतरू दिलं नाही.