तिसरी पट्टी

मी सुझनी बोलतेय. सुझनी म्हणजे सुईनं भरलेला, भिंतीवर टांगायचा मोठा पडदा. आमच्या शहरिसब्झ गावात मुलगी सासरी निघाली की तिच्या सामानात मी असतेच. नसले तर बायका कुजबुजतात. सध्या मी एका खोलीच्या भिंतीवर आहे. दुपारचं ऊन खिडकीतून येतं, माझ्या डाळिंबांवरून हळूहळू सरकतं, मला गुंगी येते आणि जुन्या गोष्टी आठवायला लागतात. जुन्या म्हणजे फार नाहीत, गेल्या वसंतातल्याच.

आधी मी नुसतं जाडंभरडं सुती कापड होते. आमच्याकडचे माग अरुंद, म्हणून माझ्या चार पट्ट्या. तुर्सुनोयनं, म्हणजे नवऱ्या मुलीच्या, मुनिसाच्या आईनं, त्या कच्च्या टाक्यांनी एकमेकींना जोडल्या आणि मस्तुराखालाला बोलावलं. अर्ध्या गावाच्या सुझन्यांवर चित्रं काढते ती ही म्हातारी. ती आली, तीन पेले चहा प्यायली, गुडघ्यांवर बसली आणि माझ्यावर लेखणीनं डाळिंबं, बदाम, वेली, ताटाएवढाली गोल फुलं काढत गेली. आपण कुणीतरी होणार आहोत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. अंगावर नुसत्या रेषा होत्या, पण मला आतल्या आत रंग दिसायला लागले होते.

मग मला पुन्हा उसवलं. रीतच आहे तशी. पट्ट्या वेगवेगळ्या हातांनी भरायच्या आणि शेवटी जोडायच्या. पहिली आणि चौथी तुर्सुनोयनं स्वतःकडे ठेवली, दुसरी मुनिसाच्या गवहर आत्याकडे गेली, आणि तिसरी नवरीकडे. नवरीची पट्टी नवरीनंच भरायची. सासरच्या बायका आधी तीच बघतात आणि तिच्यावरून मुलीची पारख करतात.

एकाच वेळी दोन-दोन घरांत राहणं काय असतं ते तुम्हा माणसांना कळायचं नाही. एका कानानं मी तुर्सुनोयच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकायची, दुसऱ्यानं आत्याच्या घरातलं भांडण. दुपारी दोन्हीकडे सामसूम झाली की मी कुठे आहे हेच मला उमजायचं नाही. तरंगत राहायची नुसती.

आणि मुनिसा! मुनिसा तर माझ्याहूनही जास्त तरंगायची. लग्न द्राक्षं पिकली की व्हायचं होतं. ती द्राक्षाच्या मांडवाखाली पट्टी मांडीवर घेऊन बसायची, दोन टाके घालायची, आणि तिसरा घालायला उचललेली सुई हवेतच राहायची. डोळे उघडे, पण पोर जाग्यावर नाही. तिच्या बोटांवरून मला तिची स्वप्नं कळायची. पांढरा पोशाख, हातात फुलं, शेजारी जवलोन. जवलोन गावाच्या पलीकडच्या टोकाला राहणारा, गुरांचा डॉक्टर. तो तिला प्रेमाचे निरोप पाठवत नसे, वासरांचे फोटो पाठवायचा. "आज जुळी झाली," असं खाली लिहिलेलं. मुनिसा तो फोटो छातीशी धरायची आणि माझ्या वेलीचा टाका भलतीकडेच पडायचा.

गवहर आत्या आली की मात्र घर दणाणून जायचं.

"ऊठ गं, पाय टाकायची तालीम कर! मांडवात नवऱ्याच्या पायावर आधी तुझा पाय पडला पाहिजे. ज्याचा आधी पडतो त्याचं घरात चालतं. माझा पडला नाही, बघतेयस ना माझे हाल?"

"आत्या, तुमच्या घरात काकांना पाणी प्यायलासुद्धा तुम्हाला विचारावं लागतं."

"ते मी कष्टानं मिळवलंय. तुला फुकट मिळतंय तर घे ना!"

मग आत्या नवरदेव व्हायची, काकांचे बूट घालायची आणि अंगणात दोघींची धावपळ. सासरी येणाऱ्या-जाणाऱ्याला करायच्या मुजऱ्याचीही तालीम व्हायची. समोर माणूस नसला की मुनिसा कोंबड्यांना वाकून मुजरा करायची. भाड्यानं आणायचा पोशाख एवढा घेरदार, की तो अंगणाच्या दारातून जाईल का म्हणून पिंपाचं कडं कमरेला अडकवून पाहिलं. गेलं नाही. तुर्सुनोय म्हणाली, "नवरीला भिंतीवरून उतरवू." बाप म्हणाला, "सहाशे माणसं बोलावतोय, कुणीतरी झेलेल." मी पायरीवर पडल्या पडल्या हसत होते. कापडाचं हसू दिसत नाही, थोडी सुरकुती पडते एवढंच.

आणि मग एक दिवस जवलोनच्या घरून निरोप आला. द्राक्षांच्या दिवसांत लग्नाचा हॉल मोकळा नाही. मोकळा आहे तो जर्दाळूंच्या दिवसांत, म्हणजे दोन महिने आधीच. सगळ्यांनी आनंदानं हो म्हटलं. मुनिसानंही म्हटलं, आणि मग तिची नजर माझ्याकडे गेली. अख्ख्या पट्टीवर वीतभर वेल झाली होती. तीही कशी, तर मलाच लाज वाटावी अशी.

आईनं तर गावभर सांगून ठेवलं होतं, माझी मुनिसा सुई धरते तर बघत राहावं. आईला खरं सांगायची छाती होईना. चार दिवस तिनं बोटं रक्ताळेपर्यंत शिवून पाहिलं, पाचव्या दिवशी मला भाकरीच्या रुमालात गुंडाळलं आणि मस्तुराखालाकडे धाव घेतली.

"खाला, कुणीतरी भरून देईल का हो? नाव सांगू नका कुणाचं. आईला कळलं तर ती तोंड लपवत फिरेल. आणि सासूबाईंना कळलं तर..."

मस्तुराखालानं चहा फुंकला. "एक बाई आहे. हात सोन्याचा, जीभ तिखट. नाव तीही विचारणार नाही आणि तूही विचारू नकोस."

अशी मी गावाच्या पलीकडच्या टोकाला गेले. सोन्याच्या हाताच्या बाईचं नाव रोझिया. तिनं मला उलगडलं, वेलीवर बोट ठेवलं आणि आपल्या मुलीला हाक मारली. "लोबर, ये, बघ. ही वेल आहे की मुंग्यांची रांग?" लोबर खिदळली. रोझियानं माझा जुना दोरा सगळा उसवला आणि नव्यानं सुरुवात केली. काय सांगू तुम्हाला! तो हात लागला आणि मला झोपच आली, सुखाची. एकसारखा, हलका, जराही न ओढणारा टाका. मंजिष्ठेचा लाल, नीळ, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, असे रंग माझ्यात उतरत गेले.

हात असा, आणि तोंड मात्र अखंड चालू.

"कुणाची गं ही लाडोबा? स्वतःच्या लग्नाची पट्टी बाहेर भरायला देते! उद्या पोरंही बाहेरच सांभाळायला देईल."

"आई, नसेल वेळ तिला."

"वेळ! तोंडाला रंग लावायला असेल वेळ. मला हिच्या सासूची दया येते बघ. बिचारी माझ्यासारखीच कुणीतरी असेल, सून येणार म्हणून जीव टाकत असेल." दोरा दातानं तोडून ती पुढे म्हणायची, "असल्या पोरींचं काम मी थोडं वाकडंतिकडं करते, कुणाला संशय येऊ नये म्हणून. हिचं नाही करणार. हिचं असं भरते, की सासू म्हणेल, वा! आता रोज भर. मग बसू दे रडत."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. हातपाय धुऊन एक तरुण आत आला, अंगाला गोठ्याचा वास, आणि म्हणाला, "आई, आज पुन्हा जुळी." फोन काढून तो कुणालातरी फोटो पाठवत बसला.

माझा सगळा धागान् धागा ताठ झाला. जवलोन! म्हणजे ही मुनिसाची सासू! मला ओरडायचं होतं. पण सुझनीला तोंड दिलेलं नाही. फुलं दिलीत, ती नुसती फुलून राहतात. पाच आठवडे मी रोज त्या बाईच्या मांडीवर तिच्याच सुनेची निंदा ऐकली, आणि रोज जास्त जास्त सुंदर होत गेले. तिकडे दुसरी पट्टी आत्याच्या घरी, पहिली-चौथी मुनिसाच्या अंगणात. तिथे मुनिसा, पट्टी पुरी झाल्यावरच दाखवीन असं आईला सांगून, केकवर हंस असावेत की कबुतरं यावर रडत होती. मस्तुराखालाला सगळं ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. त्या म्हातारीच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.

लग्नाला नऊ दिवस उरले तेव्हा मी पुन्हा एक झाले. तुर्सुनोयनं चारी पट्ट्या जोडल्या आणि ती थक्क होऊन बसली. तिसरी पट्टी नुसती उठून दिसत होती. "मुनिसा! हे तू केलंस?" मुनिसानं मान खाली घातली. आईनं ती लाज समजून तिचा मुका घेतला. मला तेव्हा मुनिसाचा फार राग आला आणि तितकीच दयाही आली.

दुसऱ्याच दिवशी नवऱ्याकडच्या बायका सामान बघायला आल्या. अशा वेळी नवरीनं समोर यायचं नसतं, आतल्या खोलीत बसायचं. भिंतीवर मी, खाली गाद्यांची चळत, ताटात भाकरी, मनुका, खडीसाखर. सगळ्यात पुढे रोझिया, मागे लोबर.

तुर्सुनोय मला हात लावून म्हणाली, "विहीणबाई, या दोन टोकांच्या माझ्या. ही आमच्या वन्संची. आणि ही..." तिचा आवाज अभिमानानं भरून आला. "ही माझ्या लेकीची. एकटीनं भरलीय."

रोझिया पुढे आली. तिनं तिसऱ्या पट्टीवर हात ठेवला. आपला हात ओळखायला माणसाला वेळ लागत नाही. तिची बोटं माझ्यावर थांबली, आणि मला कळलं की तिला कळलंय. मागे लोबरनं ओढणी तोंडात कोंबली होती. एक शब्द, फक्त एकच शब्द रोझिया बोलली असती, तर तुर्सुनोय जमिनीत गेली असती आणि मुनिसा आयुष्यभर त्या घरात खोटारडी म्हणून राहिली असती. लग्न राहिलं असतं की नाही, तेही मला सांगता येत नाही.

सगळ्या बायका वाट बघत होत्या. रोझियाचा चेहरा लाल झाला होता. शेवटी ती म्हणाली, "काम चांगलं आहे." आणि गाद्यांकडे वळली.

बस. निभावलं होतं. मी श्वास सोडला.

आणि आतलं दार उघडलं. मुनिसा बाहेर आली. डोक्यावर ओढणीही धड नव्हती. बायकांनी "अगं, अगं, आत जा!" केलं, पण ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, मला माफ कर," ती आधी तुर्सुनोयला म्हणाली. मग सासूकडे वळली. "ही पट्टी मी नाही भरली. मला येत नाही. बाहेरून भरून आणली."

तुर्सुनोय मटकन खाली बसली.

"ठाऊक आहे मला," रोझिया म्हणाली. "मीच भरलीय."

मुनिसानं मान वर केली. लोबरला आता आवरेना, ती भिंतीला धरून हसायला लागली. "पाच आठवडे! पाच आठवडे आई त्या बिचाऱ्या सासूसाठी हळहळत होती!"

"गप बस!" रोझिया ओरडली, आणि मग तिच्याही तोंडाला कापरं भरलं. "आता कुणाला सांगू? आपलेच दात आणि आपलेच ओठ." ती खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. गवहर आत्या हसली, बायका हसल्या. तुर्सुनोय आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली. मुनिसा मात्र तशीच उभी होती.

रोझियानं डोळे पुसले. "कात्री आणा."

हसणं थांबलं. ती तिसरी पट्टी कापून काढणार, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, आणि मी डोळे मिटून घेतले. कात्रीचं टोक माझ्या मधल्या फुलाशी आलं. ते तिचं सगळ्यात सुंदर फूल होतं, चार दिवस खपली होती ती त्याच्यावर. एकेक टाका तिनं हळूच उचलला आणि तोडला. लाल रेशमाचा गुंता तिच्या मांडीवर पडत गेला. मला दुखलं, खोटं कशाला बोलू. शेवटी तिथे नुसती मस्तुराखालाची रेघ उरली.

"ही जागा तुझी," ती मुनिसाला म्हणाली. "आठ दिवस आहेत. एक फूल जमेल ना, का तेही बाहेर देणार?"

मुनिसानं ते फूल भरलं. आठ दिवस तिनं वासरांचे फोटोही बघितले नाहीत. प्रत्येक टाक्याला तिची जीभ बाहेर यायची, दोरा ओढला जायचा, मला चुण्या पडायच्या. लग्नाच्या दिवशी सकाळी पोशाखवाली बाई दारात ओरडत होती, तेव्हा हिची शेवटची गाठ चालली होती. मग नवरीला खरंच भिंतीवरून उतरवलं. मांडवात कुणाचा पाय आधी पडला ते मला माहीत नाही; मी तेव्हा सामानाबरोबर पुढे येऊन इथे, या भिंतीवर, तिची वाट बघत होते.

आता मी रोझियाच्या घरात आहे. माझे रंग अजून ताजे आहेत. सासू रोज संध्याकाळी सुनेला सुई शिकवते आणि रोज वैतागते. तुम्ही कधी चहाला आलात तर माझ्याकडे बघाच. डाळिंबांचं कौतुक करा, मला आवडतं ते. तिसऱ्या पट्टीतलं मधलं फूल एका बाजूला कललेलं, जरा चुणलेलं दिसेल. त्याच्याकडे बघून एकमेकींच्या कानात कुजबुजू मात्र नका. मोठ्यानं विचारा, हे कुणी केलं म्हणून. स्वयंपाकघरात असली तरी मुनिसा हात पुसत बाहेर येते आणि सासूच्याही आधी सांगते, "मी."