वळणावरचा भोवरा

नवरा-बायको एकाच कॉलेजात गणित शिकवायचे आणि एकाच प्रश्नावरून भांडायचे. रक्तवाहिनी अरुंद होऊन वळते, तिथे रक्ताचा भोवरा नेमका कुठे उठतो? तो म्हणायचा, वळणावरच. ती म्हणायची, छे, चांगला पुढे. कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरला ते गणित झेपायचं नाही, अर्ध्यावरच मान टाकायचा. त्यामुळे भांडण मिटलं नाही, आणि खरं तर ते मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

मग तो गेला. साध्या तापाचं निमित्त झालं.

पुढे सरकारने देशाचा महासंगणक सगळ्यांना खुला केला. छोटी कॉलेजं, कारखाने, कोणीही त्यावर वेळ मागावा. तिने मागितला. घरबसल्या गणित धाडलं, रांगेत नंबर लागला आणि एका दुपारी भाजी निवडताना उत्तर आलं.

भोवरा वळणावरच होता.

"अहो, जिंकलात!" ती आतल्या खोलीकडे बघून ओरडली, आणि तिथेच थांबली. आता आठवडाभर त्याने तिच्या डोक्यावर मिरे वाटले असते. घरात फ्रिज तेवढा घरघरत होता.

तिने मुलीला फोन लावला. "आई, मीटिंगमध्ये आहे गं, नंतर करते."

मग महासंगणकाच्या मदतकक्षाला लावला.

"बोला मॅडम, काय अडचण आहे?"

"अडचण नाही. उत्तर आलं."

"मग तक्रार काय लिहू?"

"काही नको. रक्तवाहिनीतला भोवरा वळणावरच उठतो, हे नुसतं कोणाला तरी सांगायचं होतं."

पलीकडचा माणूस म्हणाला, "रक्तवाहिनीत बसवायच्या जाळ्या बनवणारी एक छोटी कंपनी आहे. तेही याच यंत्रावर असलंच काहीतरी करतायत, पण अडकलेत. तुमचा नंबर देऊ का त्यांना?"

"द्या की."

संध्याकाळी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला. तिने सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे जाळीची कड आम्ही भलतीकडेच आणत होतो!" तो म्हणाला. "हे तुम्ही ओळखलंत?"

"आमच्या ह्यांनी. मी तर उलटंच म्हणत होते."

"सरांशी बोलता येईल का जरा?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही हो. माझ्याशीच बोलावं लागेल. विचारा तुम्ही, मला वेळच वेळ आहे."